फ्रोजन स्कॅलप तव्यावर टाकायच्या आधी
सोलापुरात समुद्र कुठला, त्यामुळं आपल्याला स्कॅलप, म्हणजे समुद्रातल्या शिंपल्यात राहणारा एक प्राणी, मिळणार ते फ्रोजनच, पण घाई करून गरम पाण्यात टाकू नका, रात्रभर फ्रिजमध्ये बर्फ सुटू द्या. मग टिश्यूनं अगदी कोरडे करा, हे सगळ्यात महत्त्वाचं, ओलं राहिलं की भाजत नाही, नुसतं पाणी सुटतं. कडेला एक चिवट पट्टी असते ती बोटानं ओढून काढा. आपण खातो तो या प्राण्याचा स्नायू, त्याच्यावरच तो शिंपले फडफडवत पोहतो, आणि शिंपल्याच्या कडेला डोळे तर कितीतरी, काहींना 200 पर्यंत! तवा कडक तापवा, थोडं शेंगदाणा तेल, एका बाजूनं दोन मिनिटं, हलवायचं नाही, सोनेरी झालं की उलटून दीड मिनिट बास. जास्त ठेवलं की रबर होतंय.