जातिवंत पिल्लू घेण्याआधी: कोकणातल्या घरांसाठी

पिल्लू घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी रंग विचारतात, मग भाव, आणि शेवटी कागद आहेत का ते. पहिला प्रश्न पिल्लाच्या आईबद्दल असायला हवा. ती कुठे राहते? वय किती? आजवर किती वेळा व्याली? आम्ही येऊन तिला बघू शकतो का? या चार उत्तरांत बराचसा निकाल लागतो. कोकणात चांगले ब्रीडर मोजकेच. त्यामुळे पिल्लं कोल्हापूर, बेळगाव, पुणे, मुंबईहून येतात, तीही मोबाइलवर फोटो बघून, पैसे आधी भरून, रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये खोक्यात घालून. सकाळी कणकवलीला ते खोकं उतरवून घेणाऱ्याला आईबद्दल काहीच ठाऊक नसतं. एक दिवस मोडून स्वतः जाऊन या. पिल्लू पुढची 10-12 वर्षं घरात राहणार आहे.

आधी हवा, मग जात

कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकताना तोंडातला ओलावा उडतो आणि त्यातून तो थंड होतो. एप्रिल-मेमधल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत हा ओलावा नीट उडतच नाही. म्हणून पारा 34 अंशांवर असला तरी मालवण-वेंगुर्ल्याची दुपार कुत्र्याला जड जाते.

हस्की आणि सेंट बर्नार्ड या बर्फातल्या कामासाठी घडलेल्या जाती. त्या कोकणात आणूच नयेत, घरात एसी असला तरी. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते, आणि दिवसभर एका खोलीत कोंडलेला हस्की दार तरी कुरतडतो नाहीतर स्वतःचे पाय. पग आणि फ्रेंच बुलडॉग यांचं दुखणं वेगळं. चपट्या तोंडासाठी पिढ्यानपिढ्या निवड झाल्याने नाकपुड्या अरुंद झाल्या आणि मऊ टाळू लांब वाढून श्वासनलिकेच्या तोंडावर येतो. झोपेत घोरणारं पिल्लू गोड वाटतं, पण तो श्वास अडल्याचा आवाज असतो. अशा पिल्लाला धाप लागली की थंड होण्याचा मार्गच तोकडा पडतो.

लॅब्रॅडॉर कोकणात निभतो, मात्र वजन ताब्यात हवं. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. करवानी किंवा मुधोळ हाउंड आखूड केसांचे, उन्हाला सरावलेले. पण पळण्यासाठी आणि पाठलागासाठीच त्यांची निवड झालेली आहे, त्यामुळे कुंपण नसलेल्या वाडीत शेजाऱ्याच्या कोंबड्या पहिल्याच आठवड्यात जातील. आणि घर राखायला, माणसांना सोबत म्हणून कुत्रा हवा असेल तर गावठी पिल्लू घ्या. या हवेला ते पिढ्यांपासून सरावलेलं असतं आणि त्यासाठी कोणा कुत्रीला मुद्दाम गाभण ठेवावं लागत नाही.

ब्रीडरकडे गेल्यावर

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. कुत्री 18 महिन्यांची होण्याआधी तिला नर दाखवायचा नाही. वर्षात एकाहून जास्त वेळा तिने व्यायचं नाही, आयुष्यात पाच वेळांहून जास्त नाही. 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा दाखला मागा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. 'आमच्या घरचीच आहेत, नोंदणी कशाला' असं म्हणणाऱ्याच्या अंगणात तीन कुत्र्या व्यालेल्या असतील तर तो धंदाच आहे.

खाण तशी माती, म्हणून आईला तिच्या रोजच्या जागी बघा. व्यालेली कुत्री थोडी वाळते आणि तिचे केस गळतात, ते साहजिक आहे. पण पाठीचे मणके मोजता येत असतील, कोपरांवर घट्टे असतील आणि दोन-तीन वर्षांचीच म्हणून सांगितलेल्या कुत्रीचे सड लोंबत असतील, तर सांगितलेलं वय किंवा वेतं यांपैकी काहीतरी खोटं आहे. मालकाला बघून ती शेपटी हलवत येते की कोपऱ्यात सरकते, हेही बघा. आईचा भित्रेपणा पिल्लांत रक्तातून उतरतो आणि तिचं बघूनही. पिल्लं फरशीवर, माणसांच्या आवाजात, भांडी-मिक्सर ऐकत वाढलेली हवीत. 3 ते 12-14 आठवडे हा त्यांचा जग ओळखण्याचा काळ असतो. पिंजऱ्यात गेलेला हा काळ पुढे भरून काढणं फार कठीण जातं. 8 आठवड्यांचा नियमही याचसाठी: चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू आई आणि भावंडांकडून शिकतं. पाचव्या आठवड्यात उचललेलं पिल्लू ते न शिकताच घरी येतं आणि मग मुलांच्या हातावर ओरखडे दिसतात.

एकाच माणसाकडे सात-आठ जातींची पिल्लं 'तयार' असतील तर तो दलाल. आई दुसऱ्या गावाला आहे, म्हणतील. मग त्या गावाला जा, नाहीतर परत फिरा.

केसीआयचा कागद म्हणजे केनल क्लब ऑफ इंडियाचं नोंदणीपत्र. त्यावर पिल्लाचं मूळ आणि कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर असतो. हा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. तरी तो नीट वाचा, कारण त्यात एक मोठी गोष्ट कळते. बापाच्या आणि आईच्या बाजूला तेच नाव दोनदा येतं का बघा. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं यांची जोड लावली तर पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक 25 टक्के येतो, सावत्र भावंडांचा 12.5 टक्के, चुलत किंवा मामे भावंडांचा 6.25 टक्के. म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेलं तेच जनुक, त्यात दोष असेल तर तोही, दोन्हीकडून मिळण्याची तितकी शक्यता. रंग किंवा डोक्याचा आकार 'पक्का' करण्यासाठी अशा जोड्या मुद्दाम लावल्या जातात, आणि त्यासोबत दुखणीही पक्की होतात.

मग तपासण्या विचारा. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्डच्या आई-बापांच्या खुब्याच्या सांध्याचे एक्स-रे हवेत, वाढ पूर्ण झाल्यावर काढलेले. पिल्लाच्या चालीवरून हे कळत नाही. उथळ खोबणीतला सांधा बहुतेकदा काही महिन्यांनी लंगडायला लावतो आणि उपचार आयुष्यभर चालतात. लॅब्रॅडॉरमध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणाऱ्या दोषाची डीएनए तपासणीही होते. आई-बाप दोघंही वाहक (दोष अंगात आहे, पण स्वतःला त्रास नाही असे) असतील तर सरासरी चारातलं एक पिल्लू पुढे आंधळं होतं. एक वाहक आणि एक स्वच्छ असेल तर एकही नाही. पामेरियनमध्ये गुडघ्याची वाटी सरकते, ती डॉक्टर हातानेच तपासतात. 'आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही' हे उत्तर चालत नाही, रिपोर्ट बघा.

पैसे देण्याआधी मायक्रोचिप स्कॅन करून घ्या आणि नंबर कागदावरच्या 15 आकड्यांशी जुळवा. पावती घ्या. तिच्यावर दोन वाक्यं लिहून मागा: 48 तासांत डॉक्टरने दोष काढला तर पिल्लू परत घेऊ, आणि कुठल्याही वयात सांभाळता आलं नाही तर कुत्रा आमच्याकडेच आणा. दुसरं वाक्य आनंदाने लिहून देणारा ब्रीडर शंभरात उठून दिसतो. आजारी पिल्लू बघून पोटात कालवलं तरी 'याला वाचवू' म्हणून ते विकत घेऊ नका. ते पैसे त्याच कुत्रीच्या पुढच्या वेताला लागतात. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे तक्रार करा.

पहिलं वर्ष

पार्व्हो हा पिल्लांच्या आतड्यांचा विषाणू अंगात शिरल्यावर दिसायला साधारण आठवडाभर लागू शकतो. म्हणून आणलेल्या दिवशी उड्या मारणारं पिल्लू पाचव्या दिवशी रक्ताची हगवण लागून आडवं पडतं. 6-8 आठवड्यांना पहिली लस, मग दर 3-4 आठवड्यांनी, 16 आठवडे होईपर्यंत. मधला डोस चुकवू नका. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला काम करू देत नाही, ती कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून डोस पुन्हा पुन्हा असतात. रेबीजची लस 3 महिन्यांना, नंतर डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी.

कोकणात लेप्टोची लस ऐच्छिक समजू नका. उंदरांच्या मुतातले जंतू शेताच्या, गटाराच्या, पुराच्या पाण्यात उतरतात आणि कुत्रा ते पाणी पितो, त्यात पोहतो. पहिल्या वर्षी 3-4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि पुढे दरवर्षी एक. मेच्या मध्याआधी सगळं उरकलं पाहिजे. लसीत सगळे प्रकार नसतात. ताप, उलट्या, पिवळे डोळे, गडद किंवा कमी लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हा आजार त्याच्या लघवीतून घरच्यांना होतो, तेव्हा साफ करताना हातमोजे घाला.

गोचिडांचं मूळ कुत्र्याच्या अंगापेक्षा घरात जास्त असतं. मादी खाली पडून चिऱ्याच्या भिंतीच्या फटीत, पडवीच्या वाशाखाली हजारोंनी अंडी घालते. नुसती अंगावर औषधं लावून दमलेली घरं पुष्कळ आहेत. फटी सिमेंटने बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा, आणि वजनाप्रमाणे गोळी डॉक्टरला विचारून द्या. बोटांच्या बेचक्या आणि कानाच्या आतली बाजू पावसाळ्यात रोज बघा. गोचीड चिमट्याने कातडीला टेकून धरा आणि सरळ ओढा. रॉकेल नको, काडी पेटवून चटका नको. आंब्यावर फवारायचं औषध अंगाला लावणं म्हणजे विषबाधा. हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त किंवा लघवी कॉफीसारखी झाली तर गोचीडतापासाठी रक्त तपासा.

खाणं: 4 महिन्यांपर्यंत दिवसाला चारदा, 6 महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. नुसता भात आणि माशाचं पाणी यावर हाडं धरत नाहीत. मासळी उकडून, काटे काढून, कांदा-लसूण आणि मीठ न घालता द्या. मोठ्या जातीच्या पिल्लाला पिल्लांचं तयार खाद्य चालू असेल तर वरून कॅल्शियमची पावडर घालू नका, जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते. आंब्याच्या दिवसांत कोयी उचलून ठेवा. चाटत बसलेला लॅब कोय अख्खी गिळतो, ती आतड्यात अडकते आणि पोट उघडावं लागतं.

फिरणं सकाळी 7 च्या आत, संध्याकाळी वाळू निवल्यावर. समुद्रातून आणलं की गोड्या पाण्याने धुवा, कान कोरडे करा. उन्हाचा तडाखा बसला, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले, तर सावलीत घ्या, अंगभर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि पाणी ओतत-ओततच दवाखान्याकडे निघा. ओलं टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते.

रात्री कुत्रा घरात, दार लावून. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्याला आयता मिळतो, त्याला पळताही येत नाही. आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हाही आहे.

घरच्या कुत्रीला पिल्लं होऊ द्यावीत का

'एकदा तरी व्याली पाहिजे, नाहीतर आजारी पडते' हे खरं नाही. उलट नसबंदी न केलेल्या कुत्र्यांत वय वाढलं की गर्भाशयात पू होण्याचा आजार सर्रास दिसतो, आणि त्यात वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्री जाते. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर स्तनांच्या गाठी फार कमी होतात. मोठ्या जातीत मात्र सांध्यांच्या वाढीसाठी थोडं थांबावं लागतं, तेव्हा वय डॉक्टरशी बोलून ठरवा.

ओळखीतल्यांनी 'आमच्या लॅबला जोडीदार हवा' म्हटलं तर आधी दोन्ही बाजूंचे खुब्याचे एक्स-रे आहेत का ते विचारा. नसतील तर तिथेच थांबा. असतील तर 63 दिवसांची गाभण, मग दोन महिने सहा-आठ पिल्लं, त्यांचं दर पंधरवड्याचं जंताचं औषध, पहिली लस, आणि रात्री-अपरात्री सिझेरियनची वेळ आली तर कुठला दवाखाना उघडा असेल, हे आधी कागदावर मांडा. सगळ्या पिल्लांना घरं आधी ठरलेली नसतील तर जोड लावू नका. उरलेली पिल्लं बाजारात, जेटीवर, घाटाच्या वळणावर सोडली जातात. त्यांना वंशावळीचा कागद वाचवत नाही.

सांभाळता आलं नाही तर

मे महिन्यात मुलांच्या हट्टाने गावच्या घरी पिल्लू आणायचं आणि जूनमध्ये मुंबईला निघताना म्हाताऱ्या आई-बापांच्या गळ्यात घालायचं, हे करू नका. पावसाळ्यात वाढत्या जर्मन शेफर्डला फिरवणं त्यांच्याने होत नाही, आणि तो बांधलेलाच राहतो. पिल्लू आणण्याआधी ऑगस्टमध्ये त्याला रोज तासभर कोण फिरवणार, त्या माणसाचं नाव ठरवा, आणि त्यालाही विचारा.

तरीही द्यायची वेळ आली तर आधी ब्रीडरला फोन करा, मग डॉक्टरला. दवाखान्यात येणाऱ्या माणसांत घर बहुधा सापडतं. फुकट म्हणून कुणालाही देऊ नका, विशेषतः नसबंदी न झालेली कुत्री. ती पैदाशीलाच जाते. देताना नसबंदी करून द्या, मायक्रोचिपची नोंद आणि केसीआयचं नाव बदलून द्या. लसींचं पुस्तक आणि जंताच्या औषधाची शेवटची तारीख लिहून द्या. तो रोज खातो तेच खाणं आठवडाभराचं सोबत बांधा. खाणं एकदम बदललं की पोट बिघडतं, आणि नवं घर पहिल्याच आठवड्यात कंटाळून त्याला परत पाठवतं.