सुपरनोव्हावर प्रोजेक्ट करताय? मग या चुका टाळा

विज्ञान दिनाला खोडदला जाऊन जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघून आलेली पुण्यातली बरीच पोरं विचारतात, सुपरनोव्हावर, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटावर, प्रोजेक्ट करायचाय, सुरुवात कुठून करू, आणि जवळजवळ सगळेच तारा रिकाम्या जागेत फुटला असं धरून चालतात. तसं नसतं हो. मोठा तारा मरायच्या आधी हजारो वर्षं स्वतःचाच वायू बाहेर सोडत असतो, तो भोवती पसरलेला असतो आणि स्फोटातून उडालेला माल त्यावर जाऊन आदळतो, आणि त्या टकरीतून रेडिओ लहरी निघतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रेडिओत काही दिसलं नाही की 'भोवती वायूच नाही' असं लिहून मोकळं होणं. अहो, वायू दाट असेल तर तोच रेडिओ लहरी गिळतो, आणि लो फ्रिक्वेन्सीच्या जास्त गिळतो. म्हणून सिग्नल आधी हाय फ्रिक्वेन्सीला दिसतो आणि जीएमआरटी जिथे काम करतं त्या लो फ्रिक्वेन्सीला उशिरा, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. किती उशीर झाला त्यावरूनच तर वायू किती दाट होता ते काढतात, त्यामुळे 'काही दिसलं नाही' ची तारीखसुद्धा नीट लिहून ठेवा, तो डेटाच आहे.

वेळेचा हिशोबही चुकतो. उडालेला माल सेकंदाला साधारण १०,००० किमी वेगाने जातो, तांबड्या महाराक्षसी ताऱ्याचा वारा, म्हणजे त्याने आधी सोडलेला वायू, मात्र १० किमीच्या आसपास. म्हणजे स्फोटानंतर एक वर्षाने जो वायू उजळतो तो ताऱ्याने हजारेक वर्षांपूर्वी सोडलेला! मला हे गणित फार आवडतं.

१९८७ए, म्हणजे १९८७ साली दिसलेल्या सुपरनोव्हाभोवतीची वायूची अंगठी स्फोटातून निघाली असं लिहू नका, ती सुमारे २०,००० वर्षं आधीची आहे. माल तिथे पोचून ठिपके चमकायला लागले ते १९९० च्या दशकात.

आणि स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून घेतलेल्या आलेखात, हायड्रोजनची अरुंद रेषा दिसली की लगेच 'टाइप टू-एन' (भोवतीच्या दाट वायूवर आदळणाऱ्या सुपरनोव्हाचा प्रकार) म्हणू नका. त्या दीर्घिकेतल्या साध्या वायूच्या ढगाचीही तशीच रेषा येते. शेजारच्या जागेचा स्पेक्ट्रम वजा करा, रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरट पंख आहेत का बघा, काही आठवड्यांनी परत घ्या. ढगाची असेल तर ती तशीच राहते, सुपरनोव्हाची असेल तर बदलत जाते.