अद्भुत भयपट लिहू पाहणाऱ्यांसाठी : आधी नियम, मग भूत

जळगाव, धुळे, भुसावळकडची महाविद्यालयीन मुले माझ्याकडे लघुपट संकलनासाठी आणतात, तेव्हा सोबतच्या संहितेत भूत कसे दिसते याचे पानभर वर्णन असते. मात्र ते कशाने जागे होते, काय करू शकते आणि कुठे थांबते, याविषयी बहुधा एकही ओळ नसते. नव्याने या प्रकाराकडे वळणाऱ्यांना मी आग्रहाने सांगतो की अद्भुत भयपटातील ताण नियमातून जन्माला येतो. सुऱ्याने जखम होते हे थरारपटाला सांगावे लागत नाही, पण अद्भुताच्या जगात काहीही घडू शकते, आणि जिथे काहीही घडू शकते तिथे प्रेक्षकाला कशाचीच धास्ती घेता येत नाही.

थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतीतील टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण प्रत्येक अभ्यासक्रमात येते : प्रेक्षकाला कल्पना नसताना स्फोट झाला तर १५ सेकंदांचा धक्का बसतो, कल्पना असेल तर १५ मिनिटांचा ताण मिळतो. अद्भुतपटात बॉम्बची जागा नियम घेतो.

गिलेर्मो देल तोरो यांच्या ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (२००६) मधील मेजवानीचा प्रसंग यासाठी पुन्हा पुन्हा पाहावा. काळ १९४४चा, स्पेनमधील रेशनच्या टंचाईचा. ओफेलिया या लहान नायिकेला आधीच बजावलेले असते की मेजावरचे काहीही खायचे नाही आणि वाळूच्या घड्याळातील शेवटचा कण पडण्यापूर्वी परतायचे. नंतर दिग्दर्शक भरलेले मेज, त्याच्या टोकाशी निश्चल बसलेला निस्तेज राक्षस आणि सरकणारी वाळू दाखवतो. ती द्राक्ष तोंडात टाकते आणि तिच्या पाठीमागे राक्षस जागा होऊन तळहातांत डोळे बसवतो. आपण ते पाहतो, ती पाहत नाही. तो राक्षस भयानक आहेच, परंतु नियम ठाऊक नसता तर हे दृश्य केवळ किळसवाणे झाले असते, असे माझे ठाम मत आहे.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) एक पाऊल पुढे जातो. हस्तर या शापित, भुकेल्या देवाला पिठाच्या बाहुलीने भुलवून त्याच्या मोहरा पळवायच्या आणि स्वतः पिठाच्या रिंगणात सुरक्षित राहायचे, हा नियम आपल्याला पाठ झालेला असतो. मग जास्त मोहरांच्या लोभाने पुष्कळ बाहुल्या नेल्या जातात आणि तितकेच हस्तर उभे राहतात. नियम बदललेला नसतो, त्याचा परिणाम तेवढा कोणी मोजलेला नसतो. मराठी मातीतून आलेली ही इतकी काटेकोर मांडणी पाहून मला आजही अभिमान वाटतो.

ही रीत आपल्याला परकी नाही. खानदेशात उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, अंथरुणे पडली की वडीलधारी माणसे ज्या भुताखेतांच्या गोष्टी सांगत, त्यांतही मागून हाक आली तरी वळायचे नाही, हे आधी सांगितले जाई आणि हाक पुष्कळ उशिरा येई.

अभ्यास करताना निवडलेला प्रसंग प्रथम आवाज बंद करून पाहा आणि प्रत्येक कटपाशी दोन गोष्टी लिहा : या क्षणी प्रेक्षकाला काय ठाऊक आहे आणि पात्राला काय. दोन्ही नोंदींत फरक पडू लागतो, तिथे ताण सुरू झालेला असतो. स्वतःची संहिता लिहिताना नियम एका वाक्यात मांडा, इतका सोपा की ऐकणाऱ्या लहान मुलाला तो परत सांगता यावा. त्यानंतर पात्र तो नियम का मोडेल हे ठरवा. भूक, लोभ, माया यांपैकी काहीही चालेल, मात्र ते कारण नियमाइतकेच आधी दिसले पाहिजे, अन्यथा प्रेक्षक पात्राला मूर्ख ठरवून मोकळा होतो. पार्श्वसंगीताचा विचार सर्वांत शेवटी करावा, कारण दृश्ये नुसत्या पावलांच्या आणि श्वासांच्या आवाजावर उभी राहत नसतील, तर दोष संगीताच्या अभावात नसून कटांच्या क्रमात असतो आणि तो तिथेच दुरुस्त करावा लागतो.