ऑडिशन तोंडावर आणि बोटाला जखम: तबलावादकांनो, या चुका टाळा

आकाशवाणीच्या ऑडिशनला अकरा दिवस उरले होते आणि मी विळीवर कांदा चिरत होतो. कांदा निसटला, पातं उजव्या तर्जनीच्या शेवटच्या पेरात घुसलं. बोटाच्या पोटावर, नेमकं तिथे, जिथे ‘ना’ हा बोल वाजवताना बोट चाटेच्या, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या काठच्या कातडी पट्टीच्या, कडेवर आदळतं. त्या अकरा दिवसांत मी एकामागून एक चुका केल्या आणि ऑडिशन गेली. पुढे शिकवायला लागल्यावर विद्यार्थीही त्याच चुका करताना दिसले. कुणाच्या परीक्षेआधी दारात बोट चेमटतं, कुणाला क्रिकेटचा चेंडू लागतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

पहिल्या तासातल्या चुका

आपल्या घरांत कापलं की हळदीचा डबा पुढे येतो. माझ्याही जखमेत आईने चमचाभर हळद दाबून भरली. रक्त थांबलं, पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जखम किती खोल आहे हे बघायला ती सगळी हळद धुऊन काढावी लागली, आणि कापलेलं पहिल्यापेक्षा जास्त दुखलं. शिवाय टाके घालायचे तर ते त्याच दिवशी, जितक्या लवकर तितके बरे. मी रात्र घालवली होती. टूथपेस्ट, कॉफी पावडर, चुना हेही नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची, स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरायची आणि हात छातीच्या वर ठेवायचा. दर मिनिटाला कापड उचलून ‘थांबलं का’ बघितलं तर रक्त थांबत नाही.

बोटात अंगठी असेल तर सूज यायच्या आधी, त्याच क्षणी काढा. तासाभरात बोट सुजलं की ती निघत नाही आणि मग कापावी लागते.

धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसं सरळ सांगा. आणि एक गोष्ट घरीच तपासा: डोळे मिटून जखमेच्या पुढचा भाग कुणाला तरी पिसाने किंवा कापसाने हलका स्पर्श करायला सांगा. बोटाच्या एका बाजूला बधिरपणा असेल किंवा टोक वाकवता-सरळ करता येत नसेल, तर तिथली नस किंवा स्नायूबंध कापला गेलेला असू शकतो. मग ऑडिशनचा विचार बाजूला ठेवून हाताच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर गाठायचे.

‘नुसतं मुरगळलंय’ म्हणून चोळणं

रक्त न येणारी इजा जास्त फसवते. चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो, बोट सुजतं, घरातलं कुणी कोमट तेल घेऊन चोळतं, कुणी ‘कट’ आवाज येईपर्यंत ओढतं. हे दोन्ही करू नका. हाड तडकलेलं असेल तर ओढण्याने ते सरकतं.

माझ्या एका विद्यार्थ्याची मधल्या बोटाची टोकाची पेर खाली लोंबत होती. दुसऱ्या हाताने उचलली तर सरळ व्हायची, स्वतःहून होत नव्हती. दुखतही फारसं नव्हतं, म्हणून तो पंधरा दिवस तसाच वाजवत राहिला. पेर सरळ करणारा स्नायूबंध टोकाशी तुटला की असं होतं. अशा बोटाला आधाराची कडक पट्टी (स्प्लिंट) लावून साधारण सहा ते आठ आठवडे सलग सरळ ठेवावं लागतं, आणि मधे एकदा जरी पेर वाकली तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. रियाजापुरती पट्टी काढतो, असं इथे चालत नाही. सुजलेल्या बोटाचा एक्स-रे काढून हाड शाबूत आहे हे कळल्यावरच पुढचं काही ठरवा. बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं.

सगळ्यात महाग पडणारी चूक: बोट बदलणं

पट्टी बांधलेली तर्जनी वर उचलून धरायची आणि तिचं काम मधल्या बोटाला द्यायचं, ही युक्ती प्रत्येकाला सुचते. मीही तेच केलं. दोन दिवस वाटलं की जमतंय.

‘ना’ला तर्जनी चाटेवर पडते तेव्हा अनामिका लवेवर (चाट आणि शाई यांच्यामधल्या भागावर), शाईच्या म्हणजे मधल्या काळ्या लेपाच्या कडेला हलकी टेकलेली असते. तिचा तो दाब पुडीचा (तबल्यावरच्या कातड्याचा) खालचा, भरड आवाज आवरून धरतो, म्हणून वरचा सूर स्वच्छ निघतो. शाईच्या वजनामुळे या वाद्यातून सुरेल उपस्वर कसे निघतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच मांडलं होतं. आपण ते रोज बोटाने अनुभवतो. आता तर्जनीच्या जागी मधलं बोट आणलं तर काय होतं? ते लांब असतं. चाटेची कड साधायला मनगट मागे घ्यावं लागतं, पंजा तिरका होतो आणि अनामिकेची जागा ढळते. ‘ना’ वाजतो, पण आस (मागे रेंगाळणारा नाद) नसते. तो बद्द वाजतो, आणि तो बद्दपणा लपवायला आपण आणखी जोर लावतो. चौथ्या दिवशी माझ्या कोपराखाली आतल्या बाजूला कळ यायला लागली. म्हणजे एका बोटाची जखम आता अख्ख्या हाताची झाली होती.

आणि आकाशवाणीच्या ऑडिशनची जुनी पद्धतच अशी की वाजवणारा एकीकडे, ऐकणारे दुसरीकडे, तेही नाव न कळता. बी, बी-हाय, ए, टॉप यांपैकी कुठली श्रेणी द्यायची हे ठरवताना तुमच्या बोटाची पट्टी कुणी बघत नाही. निकास (बोल काढण्याची पद्धत आणि सफाई) तेवढा कानावर पडतो. वर्षानुवर्षं बसवलेला निकास दहा दिवसांत दुसऱ्या बोटावर बसत नाही, आणि बरं झाल्यावर तो बिघडलेला हात दुरुस्त करायला मला पुढचे तीन महिने लागले.

अशा वेळी कुणीतरी जँगो राइनहार्टचं उदाहरण देतं. १९२८ साली आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, तरी तो जगातला मोठा गिटारवादक झाला. गोष्ट खरी आहे आणि धीर देणारी आहे. पण त्याने त्या हातासाठी नवं तंत्र घडवायला दीर्घ काळ दिला होता, आणि त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. तुमचं बोट बरं होणार आहे. त्याला बरं होऊ द्या आणि हात आहे तसा ठेवा.

मग बदलायचं काय? काय वाजवायचं ते

कागद-पेन्सिल घ्या आणि तुमच्या यादीतली प्रत्येक रचना कुठल्या बोटावर किती उभी आहे ते मोजा. मी हे फार उशिरा केलं. दिल्ली घराण्याचा सगळ्यांना ठाऊक असलेला कायदा (जिचे पलटे, म्हणजे फेरफार, करत विस्तार होतो अशी रचना) घ्या:

धा ती ट धा ती ट धा धा ती ट धा गे ती ना की ना

सोळा अक्षरं. पाचही ‘धा’ तर्जनीवर. ‘तीट’मधला ‘ट’ तर्जनीवर, असे तीन. शेवटच्या ‘ती ना की ना’मधले ‘ती’, ‘ना’, ‘ना’ तर्जनीवर. म्हणजे सोळांपैकी अकरा. मधल्या बोटाकडे तीन आणि डग्ग्याकडे, म्हणजे डाव्या हाताकडे, निखळ दोन. चौगुणीत (मात्रेला चार अक्षरं) सोळा मात्रांच्या तीनतालाच्या एका आवर्तनात तर्जनीचे चव्वेचाळीस ठोके होतात. सेकंदाला एक मात्रा धरली तर सोळा सेकंदांत. टाके घातलेल्या बोटाकडून हे मागायचं का, याचं उत्तर आकडाच देतो. दिल्लीचा बाज (वादनशैली) दोन बोटांचा आणि चाटेचा, त्यामुळे तर्जनी दुखावली की पहिला फटका याच कायद्यांना बसतो.

उलट पूरब अंगाच्या (लखनौ, फरुखाबाद, बनारसकडच्या शैलीच्या) तुकड्या-गतींत, म्हणजे बांधीव रचनांत, पंजा आणि तळहात जास्त काम करतात. ‘धिरधिर’ तळहातावर उतरतं. तर्जनी दुखावली असेल तर तो भाग वाढवा. कायदा ठेवायचाच तर दुगुणीत, दोन-तीन स्वच्छ पलट्यांचा ठेवा. मधलं बोट दुखावलं असेल तर हिशेब उलटा होतो: ‘तेटे’ आणि ‘तिरकिट’च्या रचना मागे ठेवा. डाव्या हाताचं बोट असेल तर ‘घेघे’ अशा जोडबोलांना आवर घाला आणि डग्ग्याचा एकेक घुमारा मनगटाच्या दाबावर खेळवा.

यात एकच पथ्य पाळायचं: जे हातात आधीपासून बसलेलं आहे त्यातूनच निवडायचं. दहा दिवसांत नवी गत पाठ होते, हातात उतरत नाही. आणि अतिद्रुत लयीत एखादी रचना दाखवायचा मोह सोडा. विलंबित पेशकारात (वादनाच्या सुरुवातीच्या संथ रचनेत) ‘ना’ एकदाच पडला आणि खणखणीत पडला, तर ऐकणाऱ्याला हात कळतो.

वाद्यही थोडं मदतीला येतं. तबला अर्धा स्वर उतरवला तर कातडं किंचित सैल होतं आणि ठोका सोसवतो. त्याहून खाली नेला तर आवाज बसतो. हे करायचं तर आठवडाभर आधी, लेहरा (साथीला फिरत राहणारी धून) वाजवणाऱ्याला सांगून करा. आदल्या संध्याकाळी गठ्ठ्यांवर (वाद्या ताणणाऱ्या लाकडी ठोकळ्यांवर) हातोडी चालवू नका.

रियाज बंद करणं, किंवा नेहमीएवढाच करणं

दोन्ही टोकं वाईट. जखम कोवळी असेपर्यंत उजवा हात तबल्यापासून लांब ठेवा, पण पढंत सोडू नका. हाताने ताल देत पेशकारापासून चक्रदारापर्यंत सगळं तोंडाने म्हणा, रोज, ठरलेल्या लयीत. ज्यांची पढंत घट्ट असते त्यांचा हात आठवड्याच्या सुट्टीने मागे जात नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय. डावा हात मोकळा असेल तर एकटा डग्गा वाजवा. एरवी त्याला एवढा वेळ आपण कुठे देतो?

बोटावरचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. टाके निघाले म्हणजे कातडी ठोके सोसायला तयार झाली असं नाही. मी चौथ्या दिवशीच तर्जनीने वाजवायला बसलो, पहिल्याच तिहाईला (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याला) जखम उघडली आणि चाटेवर रक्ताचा थेंब पडला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी उशीवर, मग मांडीवर, मग तबल्यावर या. दहा मिनिटांनी थांबा. ठणका तासाभराने उतरला नाही तर दुसऱ्या दिवशी वाजवू नका.

पावडरचं विशेष सांगतो, कारण ती आपल्या हाताला सवयीची आहे. उघड्या जखमेवर टाल्कम पावडर नको. शाईत लोखंडाची बारीक पूड असते, वाजवताना तीही बोटाला लागते. दोन्ही जखमेत जाऊन चिडवतात.

पट्टी, गोंद, फवारा

जाड, गादी असलेली पट्टी ‘ना’ मारून टाकते. जखम भरत आली असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारी पातळ कागदी चिकटपट्टी, एकच वेढा, सांधा मोकळा ठेवून. जी पट्टी ऑडिशनला लावणार तीच लावून आधी चार-पाच दिवस वाजवा. दुकानातला झटपट चिकटणारा गोंद ताज्या जखमेत घालू नका. त्याने आग होते आणि आत घाण राहिली तर कोंडते. दवाखान्यात वापरतात तो गोंद वेगळा, आणि तो डॉक्टरांनीच लावायचा. बधिर करणारा फवारा मारून वाजवलं तर चाटेची कडच कळत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन केलेल्या रियाजात बोट ‘थांब’ म्हणतं ते ऐकू येत नाही.

बोट धडधडायला लागलं, लाली वर चढायला लागली, पू आला, किंवा अख्खं बोट सुजून सरळ करताना असह्य दुखू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना. रात्र काढू नका.

इतर वाद्यांचं थोडक्यात. बासरीला पट्टी जवळजवळ चालतच नाही, कारण भोक पूर्ण झाकलं जात नाही आणि फुंक गळते. सतारीला डाव्या तर्जनीचं टोक कापलं तर मींड (तार ओढून सूर सरकवणं) विसरा. उजवी तर्जनी असेल तर मिजराब (तार छेडायची बोटातली नखी) रुततो. पेटीवाल्यांची सुटका त्यातल्या त्यात सोपी, बोटांची रचना बदलून बरंच निभावतं.

लपवणं

मी गुरुजींना सांगितलं नाही. रागावतील असं वाटलं. नंतर कळल्यावर ते एवढंच म्हणाले, “अरे, पहिल्या दिवशी आला असतास तर अर्ध्या तासात तुझी यादी बदलून दिली असती.” तुम्ही पहिल्याच दिवशी जा. बोट खरंच कामातून गेलं असेल तर आकाशवाणी केंद्राला डॉक्टरांच्या दाखल्यासह लेखी कळवून दुसरी तारीख मिळते का विचारा. ऐनवेळी, बोलावणं आल्यावर विचारू नका. विशारदसारखी परीक्षा असेल तर केंद्रचालकांना विचारून पुढच्या सत्राचा विचार करा.

आणि जायचंच ठरलं, तर तबल्याच्या पिशवीत कात्री आणि मापाने कापलेल्या पाच-सहा चिकटपट्ट्या ठेवा. घामाने पहिली पट्टी बहुतेक सूर मिळवतानाच सुटते.