पावसाआधी चेनला कोणतं तेल? माउंटन बाइकच्या तयारीची यादी

मेच्या शेवटच्या आठवड्यात आरेतल्या कच्च्या वाटेवरून एक फेरी मारून या आणि चेनवर बोट फिरवून बघा. मुरुमाची तांबूस धूळ पिठीसारखी बोटाला लागेल. जूनच्या मध्यावर त्याच वाटेवर चिखल असतो. मुंबईत मान्सून येण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, आणि एकट्या जुलैत सांताक्रूझला सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. धुळीत छान चालणारं तेल या पावसात एका फेरीत धुऊन जातं. पावसात टिकणारं तेल मे महिन्यात लावलं, तर ते धूळ धरून ठेवतं आणि चेनवर कानस फिरवल्यासारखं होतं. म्हणून दुकानात जाऊन "सगळ्यात चांगलं तेल द्या" म्हणण्याआधी आपण कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेवर सायकल काढणार आहोत हे ठरवा. मी ही तयारी मेच्या अखेरीस एका रविवारी उरकते. ज्या क्रमाने करते, त्याच क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात तेलाने नको, मोजपट्टीने करा. सायकलच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची. २४ कड्यांचे बरोबर १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर. स्टीलची पट्टी घ्या, शून्य एका पिनच्या मध्यावर धरा, चेन थोडी ताणून ठेवा आणि २४ कड्यांनंतरची पिन कुठे येते ते बघा. दीड मिलिमीटर पुढे सरकली असेल तर अर्धा टक्का झीज झाली आहे. ११ किंवा १२ स्पीडच्या, म्हणजे मागे ११ किंवा १२ दातेरी चक्रं असलेल्या, सायकलला इथेच नवी चेन घालायची. ८ ते १० स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत, साधारण सव्वादोन मिलिमीटरपर्यंत, थांबता येतं. चेन लांबली असं आपण म्हणतो, पण पट्ट्या काही ताणल्या जात नाहीत. पिन आणि तिच्याभोवतीची आतली पट्टी एकमेकींवर घासून झिजतात, प्रत्येक सांध्यात किंचित फट पडते, आणि या सगळ्या फटी मिळून ते दीड मिलिमीटर होतात. अशा चेनला कितीही महागाचं तेल घाला, ती कॅसेटचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, दात खाणारच. आणि कॅसेट चेनपेक्षा पुष्कळ महाग पडते.

झीज नेमकी कुठे होते हे एकदा कळलं की तेलाची निम्मी निवड तिथेच होते. तेल आत हवं, पिन आणि आतल्या पट्टीच्या मधे, रोलरच्या, म्हणजे प्रत्येक सांध्यावर फिरणाऱ्या छोट्या नळीच्या, पोटात. बाहेरून चकाकणारं तेल थोडाफार गंज रोखतं, बाकी माती गोळा करतं. म्हणून डब्यातलं ग्रीस वरून चोपडू नका, ते आत शिरतच नाही. मोटरसायकलचा चेन स्प्रेही नको. बऱ्याच मोटरसायकलींच्या चेनमध्ये रबरी ओ-रिंग असतात. पिनजवळचं ग्रीस त्या आत कोंडून ठेवतात, आणि स्प्रेने फक्त बाहेर चिकटून राहायचं असतं. आपल्या चेनला ओ-रिंग नाही, तिला आत झिरपणारं तेल लागतं.

घरात जे सापडेल ते लावायची सवय आपल्याकडे फार आहे, म्हणून त्याबद्दलही सांगते. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, आत छान शिरतं, पण टिकत नाही. अडीअडचणीला एखाद्या फेरीपुरतं चालेल. खोबरेल अजिबात नको. ते चिकट होत जातं, आणि २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, म्हणजे जानेवारीतल्या पहाटे येऊरच्या चढावर तुमच्या चेनमध्ये तेल नसून लोणी असेल. इंजिन ऑइल धुळीचं लोहचुंबक. राहिलं डब्ल्यूडी-४०. त्याचं काम त्याच्या नावातच आहे: वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हुसकावणं, आणि तो ४०वा प्रयत्न होता. तो नेहमीचा निळा-पिवळा डबा भिजलेल्या चेनमधलं पाणी काढायला उपयोगी आहे, पण फवारून तसंच निघालात तर आतलं तेल पातळ होऊन जातं आणि त्याच्या जागी टिकणारं काही राहत नाही. फवारा, पुसा आणि मग चेनचं खरं तेल घाला.

आता धुणं. माझ्या मते बाटली कोणती यापेक्षा हे काम जास्त महत्त्वाचं आहे. क्विक लिंक, म्हणजे हाताने उघडता येणारी कडी, असेल तर चेन काढून घ्या, रुंद तोंडाच्या बाटलीत डिग्रीझरसोबत, म्हणजे तेल-ग्रीस काढणाऱ्या द्रवासोबत, घालून खळखळवा, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत दोन-तीनदा. चेन काढायची नसेल तर जुना टूथब्रश आणि चिंध्या पुरतात. डिरेलरची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या मागच्या यंत्रणेची, दोन छोटी चाकं विसरू नका; काळा लगदा सगळ्यात जास्त तिथे साचतो, आणि तो तसाच राहिला तर धुतलेली चेन पहिल्याच फेरीत पुन्हा काळी होते. मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, डिग्रीझर जाऊ देऊ नका, तिथलं ग्रीस धुऊन निघेल. इमारतीच्या पार्किंगमध्ये पेट्रोलने चेन धुणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका, एका ठिणगीचा प्रश्न असतो. धुऊन झाल्यावर चेन पंख्याखाली रात्रभर ठेवा. आपल्या दमट हवेत वरून कोरडी दिसणारी चेन आत ओली असते, आणि त्या पाण्यावर घातलेलं तेल आत जात नाही.

मग बाटली. जून ते सप्टेंबर ओलं तेल, म्हणजे बाटलीवर 'वेट' लिहिलेलं. ते दाट असतं, चिखलपाण्यात सहज धुपत नाही. फिनिश लाइनचं घेतलंत तर हिरव्या टोपणाचं ओलं आणि लाल टोपणाचं कोरडं, एवढं लक्षात ठेवलं की दुकानात गोंधळ होत नाही. कोरड्या, 'ड्राय' तेलात मेण किंवा तसाच निसरडा पदार्थ उडून जाणाऱ्या द्रवात मिसळलेला असतो. द्रव उडाला की मागे पातळ थर राहतो, धूळ कमी धरतो. पावसात त्याचा भरवसा नाही. खोपोलीकडे किंवा येऊरला दिवसभराची फेरी असेल तर मी जुलैत कोरड्या तेलावर कधीच निघत नाही.

मेणाबद्दल मला फार प्रेम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पूर्ण तेलमुक्त केलेली चेन वितळवलेल्या पॅराफिनमध्ये बुडवली की मेण थेट सांध्यांत शिरतं, आणि थंड झाल्यावर चेन इतकी स्वच्छ राहते की हाताला काळं लागत नाही. कोरड्या महिन्यांत याहून शांत चालणारी चेन मी ऐकलेली नाही. पण दोन अटी आहेत. मेण थेट गॅसच्या ज्योतीवर कधीच वितळवू नका, उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यातच वितळवा, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. दुसरी अट जास्त कठीण: कारखान्यातून आलेलं ग्रीस आणि जुनं तेल कणभरही उरता कामा नये, नाहीतर मेण धरत नाही. शिवाय मेण गंजापासून तेलासारखं वाचवत नाही. मी एकदा जुलैत मेण लावलेली चेन भिजवून आणली, दमले होते म्हणून तशीच ठेवली, आणि तिसऱ्या सकाळी ती नारिंगी झालेली होती. तेव्हापासून मेण दिवाळीनंतर.

तेल घालताना थेंब मोजा. चेनच्या आतल्या बाजूने, जी दातांवर बसते त्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब. माउंटन बाइकच्या चेनला शंभराहून अधिक कड्या असतात, त्यामुळे क्विक लिंकपासून सुरुवात केलीत तर फेरी कुठे पूर्ण झाली ते कळतं. पेडल उलटं दहा-पंधरा वेळा फिरवा. ओल्या तेलाला दहा मिनिटं द्या, कोरड्याला रात्रभर. मग कोरड्या फडक्यात चेन धरून पुन्हा पेडल फिरवा आणि बाहेरचं सगळं पुसून काढा, अगदी सगळं, फडक्याला जवळजवळ काही लागेनासं होईपर्यंत. तेल फुकट गेल्यासारखं वाटतं म्हणून लोक हे पुसणं टाळतात. जे फुकट जायचं ते बाहेरचंच असतं.

या सगळ्यात मागच्या ब्रेकच्या डिस्कवर जुनी उशीची खोळ बांधून ठेवा. स्प्रेच्या बाटल्या मी याच कारणाने घेत नाही. एकदा घाईत मारलेल्या फवाऱ्याचा थोडासा भाग डिस्कवर उडाला, आणि दुसऱ्या दिवशी कान्हेरीच्या उतारावर मागचा ब्रेक नुसता किंचाळत राहिला, धरला नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ठीक झाली, पण पॅडमध्ये तेल मुरलं होतं, ते बदलावे लागले. उतारावरची ती काही सेकंदं मला अजून आठवतात.

पावसातल्या फेरीहून परतल्यावर जेवायच्या आधी पाच मिनिटं द्या: साधं पाणी, फडकं, थोडं वारं, आणि आवाज येत असेल तर तेल. प्रेशरचा पाइप सांध्यांवर धरू नका. वरळी किंवा मरीन ड्राइव्हला भरतीच्या लाटांचे तुषार अंगावर घेऊन आला असाल तर मात्र पाच मिनिटं पुरणार नाहीत. खारं पाणी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायलाच हवं. पाठीवरच्या पिशवीत पंधरा मिलिलिटरची छोटी बाटली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक फडकं राहू द्या. चेन कुरकुरायला लागली म्हणजे तेल संपून बराच वेळ झालेला असतो.

या यादीतलं शेवटचं काम दसऱ्याचं. तोवर मुंबईतून पाऊस साधारण निघालेला असतो आणि सायकल पूजेसाठी धुवायचीच असते. झेंडूची माळ हँडलला बांधण्याआधी चेन उतरवा, चार महिन्यांचं ओलं तेल डिग्रीझरने पूर्ण काढा, पट्टीने पुन्हा एकदा मोजा, आणि मगच कोरडं तेल घाला. ओल्या तेलाचा थर ठेवून वर कोरडं घातलं तर दोन्हींचा लगदा होतो आणि नोव्हेंबरची धूळ त्यातच बसते.