तलवारबाज जादूगार सगळं टेबल खातोय? या चुका टाळा

सांगलीत, विश्रामबागेत आमच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण डन्जन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा, एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ; आमची पाचवी आवृत्ती) खेळायला बसतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा. बायको क्लेरिक (पुजारी), मार्केट यार्डात हळदीची अडत असलेला मित्र फायटर (योद्धा), त्याची मुलगी रोग (चोरटी) – मराठीत लिहिलं की वाईटच दिसतं, पण इलाज नाही – आणि इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा ब्लेडसिंगर, म्हणजे तलवार चालवणारा विझार्ड (जादूगार). पाचव्या लेव्हलला आल्यावर एका पुलावर ऑर्क नावाच्या राक्षसांच्या टोळीशी गाठ पडली. आलेखाच्या कागदावर मी जो पूल काढला होता, तो कुणीही आयर्विन पूल म्हणून ओळखला असता. तिसऱ्या राउंडला मित्रानं फासे भडंगाच्या वाटीशेजारी ठेवले आणि उठला. "तुमचं चालू दे, मी चहा टाकतो."

दुखणं काय ते तिथंच कळायला हवं होतं. फायटर पुढं उभा राहून मार खाणार आणि जादूगार त्याच्या आडून मंत्र टाकणार, अशी वाटणी ठरलेली. इथं जादूगारच पुढं, त्याला काही लागतही नाही, आणि वर फायरबॉलही त्याच्याचकडं.

माझी पहिली चूक: राक्षस वाढवले

मग वही काढून हिशेब केला. भाच्याचं डेक्स्टेरिटी (चपळाई) 16 आणि इंटेलिजन्स (बुद्धी) 16, दोन्हीचे अधिक 3. मेज आर्मर हा रक्षक मंत्र टाकला की एसी (घाव बसायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) 16, ब्लेडसाँग ही ब्लेडसिंगरची खास शक्ती चालू केली की 19, आणि घाव बसतोय असं दिसलं की शील्ड मंत्रानं आणखी 5, म्हणजे 24. ऑर्कचा हल्ला अधिक 5 चा, म्हणजे फाशात 5 मिळवायचे. एसी 24 ला लागायचं तर वीस बाजूंच्या फाशावर 19 किंवा 20 च पडायला हवं, म्हणजे शंभरात दहा वेळा. चेन मेल आणि ढाल घेतलेल्या मित्राचा एसी 18. त्याला शंभरात चाळीस वेळा लागतं.

यावर मी जे केलं ते बहुतेक डीएम करतात. पुढच्या रविवारी ऑर्कांचा हल्ला अधिक 8 केला. शील्ड टाकलेल्या भाच्याला आता शंभरात 25 वेळा लागणार होतं, पण मित्राला 55 वेळा लागायला लागलं. त्याला तर शील्ड मंत्र येतच नाही. चौथ्या राउंडला तो बेशुद्ध पडला आणि भाचा त्याच्या अंगावर पाय देऊन पुढं गेला. म्हशीला मारायला उगारलेली काठी शेजारच्या रेडकाला बसली.

म्हणून एसीच्या मागं लागून राक्षसांचा हल्ला वाढवू नका. एसीला विचारतच नाहीत असे हल्ले आणा. फायरबॉलला डेक्स्टेरिटी सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा) लागतो, आणि विझार्डची त्यात प्रोफिशियन्सी (सरावाचा जादा बोनस) नसते. स्टिंकिंग क्लाउडला कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह लागतो, त्यातही नसते. ब्लेडसाँग एसी वाढवतं, असले सेव्ह नाही. मॅजिक मिसाइलचा मोह कुणालाही होईल, कारण ती चुकत नाही, पण नेमकी तीच शील्ड मंत्रानं पूर्ण अडते. तरीही मी ती टाकतोच. ती अडवायला त्याला एक स्लॉट (दिवसाच्या मोजक्या मंत्रांपैकी एक) आणि त्या फेरीची रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी एकच कृती) मोजावी लागते.

हातांचा हिशेब

आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त गळती इथं होती, आणि ती कळायला मला दोन महिने लागले.

भाचा दोन्ही हातांत आखूड तलवारी घेऊन लढायचा. ब्लेडसाँगला ते चालतं. एकाच शस्त्राला दोन हात लावून वार केला तर ते थांबतं. पण शील्ड मंत्राला हाताची खूण करावी लागते आणि खुणेला हात मोकळा हवा. दोन्ही मुठीत तलवारी असताना शील्ड टाकताच येत नाही. वॉर कास्टर हे फीट (जादा कसब) घेतलं असेल तरच येतं, आणि त्यानं ते घेतलं नव्हतं.

एका रविवारी मी त्याला थांबवलं. "मोकळा हात कुठाय?"

"मामा, तलवार म्यान करतो की."

"कधी?"

"आत्ता."

आत्ता म्हणजे ऑर्कच्या पाळीत. तसं करता येत नाही. स्वतःच्या पाळीत एक वस्तू काढणं किंवा ठेवणं फुकट असतं, दुसऱ्याच्या पाळीत नाही. दुसरी तलवार आपली पाळी संपायच्या आत म्यान करायची, नाहीतर खाली टाकून द्यायची. टाकायला काही मोजावं लागत नाही, पण मग ती पुलावर पडलेली राहते आणि एखादा ऑर्क ती लाथेनं नदीत ढकलतो. मी ढकलली. भाचा आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

त्यानंतर तो दर पाळीला विचार करायला लागला: दुसरा वार करू की हात मोकळा ठेवू? तलवारबाज जादूगाराचं गणित याच प्रश्नावर तोललेलं असतं. नियमांत ही किंमत आधीपासून लिहिलेली होती. मी ती कधी वसूलच केली नव्हती. नवी बंधनं शोधण्याआधी असलेली पाळा, एवढंच मला डीएम मंडळींना सांगायचं आहे. पाळायला कंटाळवाणी वाटतात, तीच बंधनं हे पात्र आटोक्यात ठेवतात.

कॉन्सन्ट्रेशन विसरणं

हेस्ट मंत्र टाकून तलवार चालवणं हे या पात्राचं आवडतं स्वप्न: दुप्पट वेग, एसीत 2 ची भर आणि आणखी एक वार. पण हेस्ट कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे टाकणाऱ्याच्या एकाग्रतेवर टिकतं, आणि मार लागला की प्रत्येक घावाला वेगळा सेव्ह करावा लागतो. टार्गेट 10 किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मं, यातलं जे मोठं असेल ते. एका राउंडमधले सगळे घाव मिळून एक सेव्ह, असं आम्ही चालवत होतो. चूक.

भाच्याचा कॉन्स्टिट्यूशन बोनस 1, ब्लेडसाँगमुळं त्यात इंटेलिजन्सचे 3, म्हणजे अधिक 4. 10 ला पोहोचायला फाशावर 6 हवेत. शंभरात 75 वेळा जमतं. दोन घाव लागले की दोन्हीतून वाचण्याची शक्यता 56 वर येते. आणि हेस्ट तुटलं की नुसतं हेस्ट जात नाही; पुढची पाळी सरेपर्यंत त्याला हलताही येत नाही आणि काही करताही येत नाही. ऑर्कांच्या मधोमध पुतळा.

इथं एचपीही बघा, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा. पाचव्या लेव्हलला, कॉन्स्टिट्यूशन 12 धरून, विझार्डचे सरासरी 27 एचपी होतात. ऑर्कच्या कुऱ्हाडीचं सरासरी नुकसान 9. तीन घावांत खेळ खलास. मित्राच्या फायटरचे 44, तो चार घाव सोसून पाचव्याला पडतो. एसी 24 बघून आपण घाबरतो, खालचा 27 चा आकडा बघायचं राहूनच जातं.

दर लढाईनंतर झोप

ही चूक डीएमचीच, आणि घड्याळामुळं होते. रविवारी तीन तास मिळतात, त्यात एक मोठी लढाई बसते, मग "तुम्ही तळ ठोकता, सकाळ होते". सगळे स्लॉट परत.

2014 च्या डीएम मार्गदर्शिकेत एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढाया गृहीत धरल्या आहेत. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडं पहिल्या पातळीचे चार, दुसरीचे तीन, तिसरीचे दोन स्लॉट. सकाळी मेज आर्मरला एक गेला की शील्डसाठी पहिल्या पातळीचे उरले तीन. एका लढाईत तीन शील्ड म्हणजे अजिंक्य वीर. सहा लढायांत तीन शील्ड म्हणजे प्रत्येक वेळी घासाघीस. वरच्या पातळीचे स्लॉट शील्डवर घालवता येतात, पण मग हेस्टही जातं आणि मिस्टी स्टेप हा निसटायचा मंत्रही. 2020 च्या सुधारित नियमात ब्लेडसाँगही प्रोफिशियन्सी बोनसइतक्याच वेळा मिळतं, म्हणजे पाचव्या लेव्हलला तीन वेळा, तेही लाँग रेस्टपर्यंत, म्हणजे रात्रीच्या झोपेपर्यंत. फायटरला मात्र असला कोटा नाही. पाचव्या लेव्हलचे त्याचे दोन वार सहाव्या लढाईतही दोनच असतात, आणि ब्लेडसिंगरला दुसरा वार सहाव्या लेव्हलला मिळतो.

उपाय साधा आहे: खेळातला एक दिवस तीन-चार रविवारांत पसरा. आम्ही आता कॅरेक्टर शीट (पात्राचे आकडे लिहिलेला कागद) न पुसता उठतो. लाँग रेस्ट कथेत मिळेल तेव्हाच मिळतो, सेशन संपलं म्हणून मिळत नाही. पहिल्याच महिन्यात मित्राचा फायटर दुपारपर्यंत टिकलेला एकटा गडी ठरला. त्या रविवारी चहा भाच्यानं टाकला.

खेळाडूंची उलटी चूक: एक ना धड

आतापर्यंत जोरकस पात्राबद्दल बोललो. प्रत्यक्षात माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या तक्रारी उलट असतात: "माझा तलवारबाज जादूगार कशातच चालत नाही."

बहुतेकदा कारण अर्ध्या-अर्ध्या वाटणीत असतं. फायटर पाच, विझार्ड पाच. कागदावर समतोल वाटतो, पण दहाव्या लेव्हलला नुसता विझार्ड पाचव्या पातळीचे मंत्र टाकत असतो आणि तुम्हाला तिसऱ्याच्या पुढचे मंत्र नाहीत. दोन दगडांवर पाय. एका बाजूला झुका: विझार्डला फायटरची एक-दोन लेव्हल, नाहीतर सरळ एल्ड्रिच नाइट, म्हणजे थोडे मंत्र येणारा फायटर. एल्ड्रिच नाइट घेतलात तर तो मुळात फायटर आहे हे मान्य करा. त्याला फायरबॉल तेराव्या लेव्हलला मिळतो, विझार्डला पाचव्या.

दुसरं कारण गुणांचं. पात्र बनवताना 27 गुण वाटायच्या पद्धतीत तीन 15 घेतले की उरलेली तिन्ही 8. स्ट्रेंग्थ (ताकद), कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स सगळं चांगलं हवं म्हणून लोक तेच करतात आणि मग एका विस्डम (शहाणपण) सेव्हला नांगी टाकतात. एल्ड्रिच नाइटनं इंटेलिजन्स कमी ठेवून, शत्रूला सेव्ह करावा लागत नाही असेच मंत्र निवडले तर काही बिघडत नाही. शील्ड मंत्र तुमची बुद्धी विचारत नाही.

जुन्या आवृत्त्या काय म्हणायच्या

एक गंमत सांगतो, पटकन. या जातीच्या पात्रांना जुने खेळाडू 'गिश' म्हणतात; 1981 च्या एका राक्षससंग्रहात गिथयांकी जमातीच्या लढवय्या-जादूगारांना हा शब्द वापरला होता. त्याच साली आलेल्या बेसिक नियमांत एल्फ लढायचाही आणि मंत्रही टाकायचा, पण दुसऱ्या लेव्हलला त्याला 4,000 अनुभवगुण लागायचे. फायटरला 2,000. किंमत सावकाश वाढीत. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत फुल प्लेट घातलेल्या विझार्डचा मंत्र शंभरात 35 वेळा वायाच जायचा. किंमत टक्क्यांत. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत मेगसचा (तिथला तलवारबाज जादूगार) स्पेलस्ट्राइक, म्हणजे मंत्र भरलेला वार, पाळीच्या तीनपैकी दोन ॲक्शन खातो आणि पुन्हा वापरायचा तर आणखी एक ॲक्शन घालून भरावा लागतो. किंमत वेळेत. चिलखत बंद करून बघितलं, वेग कमी करून बघितलं, पण फुकट कुणीच दिलं नाही. पाचव्या आवृत्तीत ही किंमत हात, रिॲक्शन, कॉन्सन्ट्रेशन आणि स्लॉट अशी सुट्ट्या पैशांत वाटून दिली आहे, म्हणून ती चुकवणं सोपं जातं.

सूत्रधाराचं काम

आमचं गाव नाटकाचं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं. त्या खेळांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि संवाद पात्रं आयत्या वेळी बोलायची. डीएमला यापेक्षा ओळखीचं काय असणार? प्रत्येक पात्राला प्रवेश मिळतोय का, हे बघणं सूत्रधाराकडं असतं. म्हणून आकडे बसल्यावरही मी लढाईत एक जागा अशी ठेवतो जिथं फायटरच लागतो: जड दरवाजा रेटून धरायचा आहे, किंवा चिंचोळ्या जिन्यावर उभं राहून मागच्यांना वाट करून द्यायची आहे. असली कामं एसीवर नाही, स्ट्रेंग्थवर चालतात, आणि भाच्याची स्ट्रेंग्थ 8 आहे.

शेवटची अडचण अजून चालू आहे: जादूच्या वस्तू. भाचा दर गुहेत ब्रेसर्स ऑफ डिफेन्स (जादूचे मनगटपट्टे) शोधतो. चिलखत आणि ढाल नसलेल्याला ते एसीत 2 वाढवून देतात, म्हणजे शील्डसकट 26, आणि अधिक 5 च्या ऑर्कला फाशावर नुसता 20 उरतो. मी ते ठेवलेले नाहीत. गेल्या रविवारी एका बुडालेल्या वखारीत 1,500 सोन्याच्या नाण्यांचं प्लेट चिलखत सापडलं, मित्राच्या मापाचं. ढालीसकट त्याचा एसी आता 20.

"मामा, हे मुद्दाम केलंस," भाचा म्हणाला.

मी हो म्हणालो.