‘स्नायू कुणीतरी रचलाच असणार’: हा दावा कसा तपासावा

अकरावीला हालचालीचा धडा आला की एक तरी हात वर व्हायचा: “मॅडम, इतकी नेमकी रचना आपोआप कशी होईल?” आता निवृत्त झाले, तर तोच प्रश्न आमच्या भावजींकडून व्हॉट्सॲपवर येतो. “वहिनी, हे बघा आणि सांगा,” सोबत व्हिडिओ. प्रश्न चांगलाच आहे. त्यावर चिडू नका, आणि “विज्ञानानं सिद्ध केलंय” म्हणून समोरच्याचं तोंडही बंद करू नका.

आधी व्हिडिओ नीट बघा. भलीमोठी गोल पिशवी ओढत दोन पायांचं प्रथिन दांड्यावरून ऐटीत चाललंय आणि खाली ‘मायोसिन आनंदाचं रसायन नेताना’ असं लिहिलंय? मायोसिन म्हणजे स्नायू आखडवणारं प्रथिन; पण चित्रातलं ते मायोसिन नाहीच. ते कायनेसिन. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून ते माल वाहून नेतं. स्नायू आखडण्याचं काम त्याचं नाही. हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेल्या २००६ सालच्या ॲनिमेशनमधला तो तुकडा आहे. दिसावं म्हणून त्यात पेशीतली रेणूंची दाटी काढून टाकलीय आणि त्यांची अखंड थरथर जवळजवळ पुसलीय. म्हणूनच ती चाल ठरवून टाकलेल्या पावलांसारखी वाटते.

मग दावा एका वाक्यात लिहून मागा. ‘स्नायू फार गुंतागुंतीचा आहे’ हा दावा नव्हे, ते मलाही मान्य आहे. खरा दावा अमेरिकन बायोकेमिस्ट मायकेल बीही यांनी १९९६ मध्ये उंदीर पकडायच्या सापळ्याचा दाखला देऊन मांडला: यंत्रणेचा एकही भाग काढला तर ती बंद पडते, म्हणून ती टप्प्याटप्प्यानं घडणं शक्य नाही. यात दोन गोष्टी आहेत. पहिली तपासता येते. दुसरी पहिलीतून आपोआप निघत नाही. दोन्ही वेगळ्या ओळींवर लिहा.

आता भागाचं नाव विचारा, कारण ‘सगळंच’ हे उत्तर चालत नाही. मायोसिनची डोकी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंना धरून ओढतात आणि तंतू एकमेकांवरून सरकतात, हे १९५४ पासून ठाऊक आहे. ही ओढाओढ कधी सुरू व्हायची, हे हातापायांच्या स्नायूंत ट्रोपोनिन नावाचं प्रथिन ठरवतं. त्याला कॅल्शियम चिकटलं की ॲक्टिनवरची वाट मोकळी होते. समजा, समोरचा म्हणाला, “ट्रोपोनिन काढा, स्नायू संपला.” तर त्याला त्याच्याच आतड्याकडे पाहायला सांगा. आतड्याच्या, रक्तवाहिन्यांच्या, गर्भाशयाच्या अनैच्छिक स्नायूंचं काम ट्रोपोनिनवर चालत नाही. तिथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ते एका विकराला (एन्झाइमला) जागं करतं आणि ते विकर मायोसिनवर फॉस्फेट बसवतं. स्कॅलप नावाच्या शिंपल्यात तर कॅल्शियम थेट मायोसिनलाच चिकटून ओढ सुरू करतं. आणि ट्रोपोनिनचा कॅल्शियम धरणारा घटक कॅल्मोड्युलिनच्याच प्रथिनकुळातला निघतो! माझ्या मते सगळ्या तपासणीत सर्वात जास्त शिकवणारी जागा हीच, म्हणून इथे घाई करू नका.

“पण अर्धा स्नायू काय कामाचा?” हे पुढे येणारच. मग स्नायू नसलेल्यांकडे बघायचं. स्पंज प्राण्यांना स्नायू नसतात, तरी स्नायूंतल्यासारख्या मायोसिनचं जनुक त्यांच्याकडे आहे; काही एकपेशीय जीवांकडेही आहे, असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. अमिबा ॲक्टिन-मायोसिनवरच सरपटतो. आपल्या पेशीचे दोन भाग होताना मधोमध आवळणारं कडंही त्यांचंच. हे भाग स्नायूची वाट बघत रिकामे बसले नव्हते.

मात्र ‘असं घडू शकतं’ म्हणजे ‘असंच घडलं’ नव्हे, हे आपणही मान्य करायचं. त्यासाठी अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जोसेफ थॉर्न्टन यांच्या गटाचं २०१२ चं काम सांगा. बुरशीच्या पेशीत प्रोटॉन ढकलणारा एक पंप असतो. त्याच्या कड्यात तीन प्रकारची प्रथिनं लागतात, आणि यीस्टमध्ये तिन्ही आवश्यक. या गटानं पूर्वज प्रथिनांची रचना शोधून ती यीस्टमध्ये घातली, तर दोन प्रकारांवर पंप चालला. पुढे एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या, दोन्हींनी वेगवेगळी पकड गमावली आणि तिसरा भाग अटळ झाला. एकही गमावून चालणार नाही अशी यंत्रणा अशी मोडतोडीतूनही घडते.

दोन शस्त्रं मी वापरत नाही. एक, ‘सजीव कुणीतरी रचले’ हा विचार शाळेत मांडण्यावरून झालेला अमेरिकेतला २००५ चा डोव्हर खटला. शाळेच्या विज्ञानवर्गात काय शिकवावं ते न्यायालयानं ठरवलं; पेशीत काय आहे हे पेशीच सांगते. दुसरं, ‘वाईट डिझाइन’, म्हणजे शरीरातले बिनकामाचे भाग दाखवणं. अंगठा करंगळीला टेकवून मनगट थोडं वाकवा: काहींच्या मनगटावर मधोमध एक कंडरा उठते, काहींना ती ज्या स्नायूची, तो स्नायूच नसतो. वर्गात धमाल येते, पण गचाळ रचनेवरून रचनाकार नाही हे ठरत नाही.

शेवटी समोरचा विचारेल, “मग मुळात ॲक्टिन कुठून आलं?” उत्तर आहे: जिवाणूंत एमआरईबी नावाचं प्रथिन पेशीचा आकार राखतं, आणि त्याची घडी ॲक्टिनसारखीच आहे. “त्याच्याही आधी?” तर आता चर्चा जीवसृष्टीच्या उगमाची सुरू झाली, स्नायूची नव्हे. तो प्रश्न नव्या पानावर लिहा. पण जुन्या पानावरचा ट्रोपोनिनचा दावा टिकला की नाही, हे आधी त्याच्याकडूनच लिहून घ्या.